तक्त्यात नसलेला रकाना

कीटकांमार्फत पसरणाऱ्या रोगांचा पाठ आपल्याकडे वर्षानुवर्षे एका तक्त्याच्या आधाराने शिकवला जातो. रोगाचे नाव, रोगकारक जंतू, वाहक, लक्षणे आणि उपाय असे त्याचे पाच रकाने असतात. पहिल्या ओळीत हिवताप, मग डेंग्यू, हत्तीरोग, जमल्यास चिकुनगुन्या, आणि तळाशी कोठेतरी जपानी मेंदूज्वर. तक्ता सुटसुटीत असतो, फळ्यावर मावतो, आणि त्यावर ‘जोड्या लावा’ हा प्रश्न हमखास काढता येतो. तक्ता वापरूच नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु जे विषाणू डासाच्या किंवा माशीच्या दंशातून शरीरात शिरतात आणि तेथून मेंदूपर्यंत जाऊन पोचतात, त्यांच्याबाबत हा तक्ता अपुराच नव्हे, तर दिशाभूल करणारा आहे. रोगाची कथा तो ‘लक्षणे’ आणि ‘उपाय’ यांवर संपवतो. या रोगांची शाळेशी संबंधित असलेली कथा मात्र तेथूनच सुरू होते.

आधी नावच पाहू. ‘मेंदूज्वर’ या शब्दात ज्वर हा रोग आहे आणि मेंदू ही त्याची जागा आहे, असे ध्वनित होते. साहजिकच ताप उतरला की रोग गेला, असा समज होतो. वास्तविक येथे ताप ही दुय्यम गोष्ट आहे. मेंदूच्या ऊतीला सूज येते, तिचा दाह होतो आणि चेतापेशी मरतात, हा मूळ रोग. त्यात भर म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांचा दाह आणि खुद्द मेंदूचा दाह या दोन भिन्न विकारांना आपण बोलताना एकाच शब्दाने संबोधतो. रूढ झालेला शब्द बदलणे आता अवघड आहे. आम्हीही पुढे रोगाचे नाव म्हणून तो वापरणारच आहोत. मात्र वर्गात तो शब्द उच्चारताना ‘म्हणजे मेंदूदाह’ एवढी पुस्ती जोडायला कोणाची हरकत नसावी.

आता जपानी मेंदूज्वराची ओळ. जपानमध्ये १९२४ साली या रोगाची मोठी साथ आली आणि सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. रोगाच्या नावातला ‘जपानी’ तो इतकाच; आज त्याचा मुक्काम दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या प्रदेशांत आहे. भारतात त्याचे पहिले रुग्ण १९५५ साली वेल्लोर परिसरात आढळले. २००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात, गोरखपूरच्या आसपास, जी साथ आली तिच्यात सुमारे ५,७०० जण आजारी पडले आणि १,३०० हून अधिक दगावले. बहुतेक सारी मुले होती. वृत्तपत्रांत रोज मृतांचा आकडा येत असे, आणि तो यायलाच हवा होता. पण वजाबाकी करून पाहा. सुमारे ४,४०० जण वाचले. त्यांचे काय झाले, हा प्रश्न तक्ता विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी येथे उपयोगी पडते. या विषाणूचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही किंवा किरकोळ ताप येऊन जातो. गंभीर आजार सुमारे अडीचशेत एकाला होतो. मात्र ज्यांना मेंदूदाह होतो त्यांच्यापैकी ३० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावू शकतात, आणि ३० ते ५० टक्क्यांमध्ये मज्जासंस्थेचे अथवा मानसिक स्वरूपाचे दोष कायमचे राहू शकतात. म्हणजे मृत्यूइतकाच, किंबहुना त्याहून अधिक संभवनीय असा तिसरा शेवट या रोगाला आहे: जगणे, पण पूर्वीसारखे न जगणे.

हे असे का होते? डासाने टोचल्यावर विषाणू प्रथम त्वचेतल्या पेशींत आणि जवळच्या लसिकाग्रंथींत वाढतो, थोडा काळ रक्तात येतो आणि काही थोड्या रुग्णांत मेंदूत शिरतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो. मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातले बरेचसे पदार्थ पलीकडे जाऊच शकत नाहीत. एकदा दाह सुरू झाला की हा अडसर सैल पडतो आणि मग विषाणूपाठोपाठ संरक्षक पेशींचीही रीघ लागते. कवटी हाडाची, आतल्या सुजेला पसरायला जागा नाही. झटके आणि बेशुद्धी यांचा उगम येथे आहे.

या विषाणूला मेंदूतले काही भाग विशेष मानवतात. त्यांत थॅलॅमस हा प्रमुख. चुंबकीय प्रतिमा घेतली असता दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसमध्ये इजा दिसणे, ही या रोगाची एक ठळक खूण मानली जाते. थॅलॅमस म्हणजे मेंदूतली टपाल निवडण्याची कचेरी म्हणा. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारे संदेश येथे येतात आणि येथून मेंदूच्या बाह्य स्तराकडे रवाना होतात. जागे राहणे, लक्ष एका गोष्टीवर टिकवणे, यांतही त्याचा वाटा असतो. थॅलॅमसच्या शेजारी, मेंदूच्या तळाकडे, हालचालींचे नियंत्रण करणारे चेतापेशींचे पुंज असतात. त्यांनाही हा विषाणू सोडत नाही. त्यामुळे काही मुलांचा चेहरा भावशून्य होतो, हात थरथरतात, अंग ताठरते. म्हाताऱ्या माणसांतल्या कंपवाताची आठवण करून देणारी ही लक्षणे आठ-दहा वर्षांच्या मुलात दिसतात! अशा मुलाला प्रश्न विचारला तर उत्तर येते, पण उशिरा येते. चेहऱ्यावर काही उमटत नाही, म्हणून याला काही कळतच नाही असा ग्रह होतो. आपल्या वर्गांतून अशा मुलांसाठी कोणता शब्द तयार असतो, ते आम्ही येथे लिहीत नाही. वाचकांना तो ठाऊक आहे.

हे झाले उघड दिसणारे दोष. यापेक्षा आमची अधिक तक्रार ‘बरा झाला’ या शेऱ्याबद्दल आहे. दवाखान्यातून घरी जाताना मूल चालते, बोलते, जेवते. तेव्हा तो शेरा देणाऱ्या डॉक्टरांचे काही चुकत नाही. त्यांच्यासमोर प्रश्न जीव वाचण्याचा होता. पण पूर्ण बरी झाली अशी नोंद असलेल्या मुलांची पुढे बारकाईने तपासणी केली असता, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत शिकण्यातल्या अडचणी, वागण्यातले बदल किंवा मज्जासंस्थेच्या बारीकसारीक खुणा सापडतात, असे या रोगाचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवलेले आहे. म्हणजे दोष किती उरला हे आपण कोणत्या चाळणीने चाळतो यावर ठरते. चालता येते का, ही भरड चाळणी झाली. पाढा म्हणता म्हणता मध्येच विसरतो का, ही बारीक चाळणी. आणि ती शाळेत असते, दवाखान्यात नसते.

अशी बारीक चाळणी तयार करण्याचा एक चांगला प्रयत्न लिव्हरपूलच्या संशोधकांनी भारतातल्या आणि मलेशियातल्या डॉक्टरांसमवेत केला आणि २०१० साली तो प्रसिद्ध झाला. महागडी यंत्रे नसलेल्या ठिकाणीही वापरता येईल अशी ही मोजपट्टी आहे. काही प्रश्न पालकांना विचारायचे: मूल बोलते कसे, स्वतः जेवते का, कपडे घालते का, एकटे ठेवता येते का, घरच्यांना ओळखते का, वागणे बदलले का, झटके येतात का, शाळा पूर्वीसारखी चालू आहे का. काही गोष्टी मुलाला करायला लावून पाहायच्या: उठून उभे राहणे, चालणे, हात डोक्यावर नेणे, लहानशी वस्तू चिमटीत उचलणे. यात अगम्य असे काहीही नाही. जीवशास्त्राच्या पुस्तकात रोगाच्या परिणामांबद्दल दोन वाक्ये लिहायची झाली, तर ती या मोजपट्टीवरून सहज लिहिता आली असती.

विषाणू निघून गेल्यावरही बुद्धीवर परिणाम का राहतो, याचे एक संभाव्य उत्तर अलीकडच्या काळात मिळाले आहे, आणि ते इतके विलक्षण आहे की विज्ञानाच्या शिक्षकाने ते वर्गात सांगावेच. ते जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवरून नव्हे, तर त्याच्याच कुळातल्या वेस्ट नाइल विषाणूवरून आले. हाही डासांमार्फत पसरतो. १९९९ साली तो न्यूयॉर्कमध्ये उपटला आणि काही वर्षांत अमेरिकाभर पसरला. त्यातून वाचलेले अनेक रुग्ण स्मरणशक्ती मंदावल्याची तक्रार करीत. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रॉबिन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २०१६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. संसर्गातून सावरलेल्या उंदरांना एका गोल फळीवर सोडले. फळीच्या कडेने भोके होती आणि एकाच भोकाखाली लपायला जागा होती. निरोगी उंदीर काही दिवसांत ती जागा लक्षात ठेवतात. सावरलेल्यांपैकी अनेकांना ते जमेना. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागात, पाहिले तर चेतापेशी मोठ्या प्रमाणात मेलेल्या नव्हत्या. नाहीसे झाले होते ते चेतापेशींमधले सांधे. आणि ते नाहीसे करणारा विषाणू नव्हता. मेंदूतल्या साफसफाई करणाऱ्या पेशी, ज्यांना मायक्रोग्लिया म्हणतात, त्या हे सांधे गिळंकृत करीत होत्या. प्रतिकारयंत्रणेतल्या पूरक प्रथिनांनी त्या सांध्यांवर जणू ‘हे काढून टाका’ अशी चिठ्ठी लावली होती. ज्या उंदरांत यांतले एक पूरक प्रथिन तयारच होत नव्हते, त्यांचे सांधे बरेचसे शाबूत राहिले. या विषाणूने दगावलेल्या माणसांच्या मेंदूतही सांध्यांची अशीच घट आढळली.

उंदरावरून मुलाकडे उडी मारता येत नाही, हे खरेच. जपानी मेंदूज्वरातून उठलेल्या मुलांच्या मेंदूत तंतोतंत हेच घडते, असे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. पण ‘मेंदू खाणारा विषाणू’ अशा मथळ्यांना मात्र यातून चोख उत्तर मिळते. येथे खाणारा घरातलाच आहे. आणि वाढीच्या वयात मेंदूतले अनावश्यक सांधे छाटण्याचे काम याच मायक्रोग्लिया याच पूरक प्रथिनांच्या मदतीने करीत असतात. एरवी उपयोगी पडणारी यंत्रणा अवेळी आणि अस्थानी चालू झाली, तर काय होते याचा हा नमुना आहे. ‘जंतू वाईट, शरीर चांगले’ या सोप्या मांडणीला तडा देणारे असे उदाहरण पाठात असते, तर विद्यार्थ्यांना विचाराला खाद्य मिळाले असते.

वाहकाचा रकाना सर्वांत सोपा समजला जातो, आणि तेथेच घोटाळे अधिक आहेत. ‘डास’ असे लिहून तो भरला जातो आणि खाली फुटके डबे, टायर, कूलर, कुंड्या यांचे चित्र येते. हे चित्र डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे आहे. जपानी मेंदूज्वर पसरवणारा क्युलेक्स डास भातखाचरांतल्या पाण्यात वाढतो. विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत आणि डुकरांत नांदतो, डुकरांत भरपूर वाढतो, आणि तेथून डासामार्फत माणसात येतो. माणसाच्या रक्तात तो इतका अल्प असतो की माणसाला चावून दुसऱ्या डासाला तो मिळत नाही. म्हणजे विषाणूच्या दृष्टीने माणूस ही बंद गल्ली आहे. भाताच्या मुलखातल्या शाळेत डबे उपडे करून हा रोग टळणार नाही; तेथे लस, मच्छरदाणी, आणि डुकरे वस्तीपासून दूर ठेवणे, हे उपाय आहेत. लसीकरण भारतात २००६ पासून बाधित जिल्ह्यांत सुरू झाले, आणि कर्नाटकातल्या कोलार येथे मिळालेल्या विषाणूवरून बनवलेली देशी लस २०१३ साली आली. ही माहिती तक्त्यात डब्यांच्या चित्राइतकीच जागा घेईल.

महाराष्ट्राशी थेट नाते असलेला चांदीपुरा विषाणू डासाचा नव्हेच. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या (आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) शास्त्रज्ञांना तो १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत सापडला. वाळूमाशी त्याची वाहक. ही माशी डासाहून लहान. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांच्या आसपास तिचा वावर असतो. कित्येक वर्षे हा विषाणू निरुपद्रवी समजला गेला. २००३ साली आंध्र प्रदेशातल्या साथीत ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली, तेव्हा त्याची खरी ओळख पटली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये आणि आसपास मेंदूदाहाचे २४५ रुग्ण नोंदले गेले व ८२ मृत्यू झाले. त्यांपैकी ६४ रुग्णांत हाच विषाणू असल्याचे निश्चित झाले. सकाळी ताप आणि दुसऱ्या दिवशी मृत्यू, इतक्या वेगाने हा रोग वाढू शकतो. लहान मुलाला तापात झटका आला, तर ‘उद्या पाहू’ म्हणून चालत नाही, एवढे तरी पाठात यायला हवे.

आणि गोचीड? कर्नाटकात १९५७ साली ओळखला गेलेला क्यासनूर वनरोग २०१६ च्या सुमारास सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात पोचला. तेथे त्याला माकडताप म्हणतात. तो गोचिडीमार्फत येतो, आणि पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात. ती कोळ्यांच्या गोतावळ्यातली. ‘कीटकजन्य रोग’ या शीर्षकाखाली तिला घालणे हे जीवशास्त्राच्या पुस्तकात तरी घडू नये. पण माकडताप आमच्या मुद्द्याला वेगळ्या कारणाने उपयोगी आहे. काही रुग्णांत याचा ताप उतरतो, आठवडा-दोन आठवडे बरे वाटते आणि मग पुन्हा ताप चढतो. या दुसऱ्या फेरीत डोकेदुखी, मानेचा ताठरपणा, कंप, दृष्टीच्या तक्रारी अशी मज्जासंस्थेची लक्षणे दिसतात. ताप उतरल्यावर काय होते हे विचारण्याची सवय नसेल, तर हा रोग समजणारच नाही.

विषाणूंना दोष देण्याची घाईही तितकीच वाईट. बिहारमधल्या मुझफ्फरपूर येथे उन्हाळ्यात मुलांना झटके येऊन मृत्यू होत. कोणी डासाकडे बोट दाखवी, कोणी उष्म्याकडे. २०१४ साली ३९० मुले दाखल झाली आणि १२२ दगावली. त्या वर्षीच्या शोधाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. लिचीतल्या एका नैसर्गिक विषामुळे आणि रात्री उपाशी झोपण्यामुळे मुलांच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरत होती. गोरखपूरकडेही लसीकरणानंतर उरलेल्या मेंदूदाहाच्या रुग्णांत मोठा वाटा स्क्रब टायफस या जिवाणूजन्य रोगाचा निघाला. त्यावर प्रतिजैविके उपलब्ध आहेत; ती वेळेवर मिळाली पाहिजेत. वेगवेगळ्या कारणांनी मेंदूला होणारी इजा बाहेरून सारखीच दिसते. ‘मेंदूज्वर – विषाणू – डास’ अशी जोडी पाठ केलेल्या पिढीला हे उमजायला वेळ लागला, तर नवल नाही.

असो. टीका केल्यावर पर्याय सुचवणे भाग आहे. तक्त्यात सहावा रकाना घालावा आणि त्याला ‘ताप उतरल्यावर’ असे नाव द्यावे. डेंग्यूच्या ओळीत तेथे ‘बहुधा काही आठवडे थकवा, मेंदूला इजा क्वचित’ असे लिहावे, म्हणजे उगाच भीती पसरणार नाही. झिकाच्या ओळीत लिहावे की गर्भातल्या बाळाच्या विकसनशील चेतापेशींना तो ग्रासतो, आणि ब्राझीलमध्ये जन्मतः डोके नेहमीच्या मापाचे असलेल्या काही बाळांच्याही मेंदूत दोष आढळले व त्यांच्या डोक्याची वाढ पुढे खुंटली, म्हणून जन्माच्या वेळी टेपने घेतलेले माप पुरेसे नाही. जपानी मेंदूज्वराच्या ओळीत मात्र जागा अधिक लागेल. लक्ष टिकत नाही, एका वेळी दोन सूचना दिल्या तर दुसरी हरवते, राग लवकर येतो, अक्षर बिघडते, मध्येच काही क्षण टक लावून बसतो आणि हाक ऐकू येत नाही. हे शेवटचे लक्षण बेफिकिरी म्हणून शिक्षेस पात्र ठरते, आणि बहुधा तो बारीक झटका असतो. त्यावर औषध आहे.

असे मूल आढळल्यास शिक्षकाने काय करावे, हेही त्याच रकान्यात दोन ओळींत मावेल. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून तपासणीसाठी येतात. त्यांच्यापुढे उंची-वजनाच्या नोंदीबरोबर ‘या मुलाला अमुक वर्षी मेंदूदाह झाला होता आणि त्याआधी तो असा होता’ ही नोंदही ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे, म्हणजे परीक्षेत जादा वेळ मागण्याचा रस्ता काही मुलांना तरी खुला आहे. पण त्या साऱ्यासाठी आजारापूर्वीचे मूल कसे होते, हे कोणीतरी सांगावे लागते. डॉक्टर त्याला आजारी पडल्यावरच प्रथम पाहतात. आधीच्या दोन वर्षांच्या वह्या शाळेत असतात.